हिरवा आवाज

या, पुढे या. मागे खांबाला टेकलेल्यांनीही सरकावं जरा. पुन्हा पुन्हा ओरडून सांगायला माझा घसा काही कीर्तनकाराचा नाही. टाळ खाली ठेवा, पान लावायचं असेल तर आत्ताच लावून घ्या. आजचं आख्यान देवादिकांचं नाही. आपल्याच वाडीतल्या एका बाईचं आहे, तिच्या नवऱ्याचं आहे, आणि माणूस बरा आहे की नाही हे त्याच्या आवाजावरून ठरवणाऱ्या एका यंत्राचं आहे. ऐकताना तुमचं डोकं फिरेल, हे आधीच सांगतो. माझं अजून फिरलेलंच आहे.

भालचंद्र जुवाटकर बोटीवर इंजिनियर. वृषाली त्याची बायको. दोघं मालवणच्या एकाच शाळेतली, त्यामुळे लग्नानंतरही अरे-तुरेच. आणि बोलणं कसं, ते तुम्हाला काय सांगायचं? आपल्याकडे माणूस जितका जवळचा तितकी त्याला शिवी मोठी. परक्याला "या, बसा, पाणी घ्या." सख्ख्याला "शिरा पडो तुझ्या तोंडार, होतंस खय इतके दिवस?" पोलीस, बँकेचा साहेब आणि मुलगी बघायला आलेले पाहुणे, एवढ्यांशीच काय ते आपण गोड बोलतो. कीर्तनात ऐकतोच की आपण, संतांनी देवाला चोर म्हटलं, आंधळा म्हटलं, त्याच्या उंबऱ्यात बसून वाट्टेल ते सुनावलं. ते काय वैर होतं? भांडायला हक्क लागतो बाबांनो, आणि हक्क जवळच्याचाच असतो.

आता बोटींच्या धंद्याचं काय झालं होतं ते थोडं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लढाईमुळे तांबड्या समुद्राची वाट पुन्हा बंद पडली होती. युरोपला जायचं तर अख्ख्या आफ्रिकेला वळसा. त्यात धूर करायचा नाही म्हणून वेग कमी. बंदरात कधी शिरायचं ते बंदराचं यंत्र ठरवणार, तोवर समुद्रातच रेंगाळायचं. म्हणजे खेप लांबली, आणि माणसं मात्र घटली. पूर्वी एका बोटीवर वीस-बावीस जणांचं बिऱ्हाड असे. पत्ते, भांडणं, गणपतीची आरतीसुद्धा. आता सुकाणू यंत्राकडे. कप्तान किनाऱ्यावर, थंडगार खोलीत, एकटाच सात-आठ बोटी सांभाळणारा. बोटीवर राहिले दोघे. एक इंजिनाकडे बघणारा आणि दुसरा दोरखंडापासून भातापर्यंत सगळं करणारा.

'अविचल' नावाच्या मालवाहू बोटीवर इंजिनाकडे बघणारा आपला भालचंद्र. दुसरा रेनाटो, फिलिपिन्सच्या कुठल्याशा बेटावरचा, बायको आणि दोन मुली मागे ठेवून आलेला. अतिशय मृदू माणूस. लहानपणापासून घरात कुणी आवाज चढवलाच नव्हता म्हणे. भालचंद्राने त्याला शिकवून ठेवलं होतं की आमच्याकडे नमस्काराला 'शिरा पडो' म्हणतात. त्यामुळे वृषालीचा फोन आला की हा मागून डोकावायचा आणि देवळात बोलावं तसं हळू म्हणायचा, "वैनी, शिरा पडो." ती पोट धरून हसायची.

बोटीचं इंधन अमोनिया. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा वायू; जाळला की कार्बनचा धूर नाही, पृथ्वी तेवढीच थंड. आपल्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात बर्फ करायला वापरतात तोच हा. कधी नळी फुटली की अख्खा बाजार डोळे चोळत पळतो, तो वास. फुप्फुसात गेला तर आतून भाजतो. आणि नाक असं लबाड, की थोडाथोडा वास रोज यायला लागला की काही दिवसांनी ते सांगायचंच सोडून देतं.

राहिलं यंत्र. त्याचं नाव 'स्वरसाक्ष'. माणूस बोलतो तेव्हा घशातले स्वरतंतू थरथरतात. तो थकला की ती थरथर बदलते, शब्दांच्या मधली जागा लांबते, श्वास वाक्याच्या मध्येच तुटतो. आपल्या कानाला न कळणारे हे बारीक फरक यंत्राला कळतात. बोटीवर दोनच माणसं, त्यातलं एक बिघडलं तर बोट जायची, म्हणून विमावाल्यांनी हट्ट धरला की प्रत्येक शब्द यंत्राने ऐकायचा. घरचे फोनसुद्धा. आवाज हिरवा, तर माणूस बरा. पिवळा, तर ताकीद. तीन पिवळे मिळून एक लाल, आणि सरळ लालही होता येतं. लाल झाला की बोटीने जवळचं बंदर गाठायचं, त्या माणसाला उतरवायचं, आणि त्याचं नाव भरतीतून कायमचं गळायचं.

कल्पना वाईट नव्हती हो. ज्याने शोधून काढली तो भल्या मनाचाच असणार. पण पुढचं ऐका.

एका रविवारी भालचंद्राचा फोन आला.

"काय गो, जेवलंस?"

"जेवतंय कसला! तुझ्या आवशीन सुंगटां करपवल्यान."

"माझ्या आवशीक बोलतंस? थांब, घराक येतंय आणि तुझी जीभ कापून गळाक लावतंय."

"ये तर आधी, मेल्या! येतंय येतंय म्हणान वरीस गेला."

करपलेल्या कोळंबीवरून आईपर्यंत पोचून दोघं खदखदा हसली. फोन ठेवून ती कोंबड्यांना हाकलते आहे, तोच दुसरा फोन.

"नमस्कार मॅडम. मी तन्मय शेवडे, सप्तद्वीप मरीन, नाविक-कल्याण विभाग. आजच्या संभाषणात आम्हाला कौटुंबिक हिंसेचे संकेत मिळाले आहेत."

"कसले?"

"'जीभ कापून' असं सरांचं वाक्य आहे. मग 'मेल्या'. मृत्यूचा उल्लेख. तो तुमचा म्हणून नुसता नोंदला, रंग सरांच्या बोलण्यावरच ठरतो."

"अहो, ते आम्ही प्रेमाने म्हणतो."

"यंत्रात तशी सोय नाही, मॅडम. सरांना पिवळा आलाय. आम्ही तुम्हाला काही सूचना पाठवतो. एकमेकांना नावाने हाक मारावी. 'मी समजू शकतो', 'धन्यवाद' अशी वाक्यं वापरावीत."

वृषालीने फोनकडे बघून जे म्हटलं ते मी इथे सांगत नाही. समोर देव आहे.

पुढच्याच आठवड्यात बोटीवर इंधनाच्या पंपाचं सील गळायला लागलं. भालचंद्राने किनाऱ्यावरच्या कप्तानाला कळवलं. कप्तानाने पडद्यावर बघून सांगितलं, वायूचा आकडा मर्यादेत आहे. भालचंद्र म्हणाला, आकडा सांगणारं उपकरण पंख्याच्या तोंडाशी बसवलंय, तिथे वायू टिकतोच कुठे? बोट बंदरात घ्या. कप्तान म्हणाला, दुरुस्तीला बंदर घेतलं तर पुढच्या बंदरातली जागा जाते, मालकाला विचारावं लागेल. मालक एका देशात, झेंडा दुसऱ्याच देशाचा, ज्याला समुद्रच नाही. विमा तिसरीकडे, माणसं पुरवणारी कंपनी नवी मुंबईत. प्रत्येक जण नम्रपणे दुसऱ्याचा पत्ता देणार. शेवटी भालचंद्र ओरडला. का नाही ओरडणार? झालं. सील गळतंय तिकडे कुणाचं लक्ष नाही. आवाज चढला म्हणून दुसरा पिवळा!

आता एकच उरला. नाव गळलं की दर्या संपला, आणि दर्यावाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं. तेव्हा नवरा-बायकोने ठरवलं, यंत्राला हवं तसंच बोलायचं. दर रविवारी मग असं:

"नमस्कार वृषाली. तू कशी आहेस?"

"मी बरी आहे. तुम्ही जेवलात का?"

"हो. जेवण चांगलं होतं. धन्यवाद."

आतून तिची सासू, तिला सगळे आय म्हणतात, विचारायची, "कोणाचो गो फोन? बँकेचो?"

हसू नका. हसण्यासारखं आहे, पण हसू नका. ते गोड बोलणं त्या दोघांत भिंतीसारखं उभं राहिलं. पंपाचं काय झालं म्हणून तिने विचारलं, की तो म्हणायचा, "सर्व काही मर्यादेत आहे." रेनाटो मागून डोकावायचा तोही बंद झाला. त्याला जरा सर्दी आहे, असं कळलं. करार संपला, तरी बदली माणूस येईना. तिने तन्मयला फोन केला.

"बदली माणसांची टंचाई आहे, मॅडम. ज्यांचा आवाज खराब, त्यांना आधी सोडवतो. सरांचा आवाज अजून ताजा आहे."

"ताजा? बाजारातली भेंडी आहे का ती?"

"मी समजू शकतो, मॅडम."

एका रविवारी तिचा बांध फुटला. तिकडून "नमस्कार वृषाली" आलं आणि हिने सूचनांचं बोचकं भिरकावून दिलं. "फटकी येवो तुझ्या नमस्कारार! रे, माणूस आसंस की टपालपेटी? कधी येतलंस तां सांग, नायतर येव नको! थयच मर!"

ती थांबली. वाट बघत राहिली. आता तो उसळेल, आईवरून जाईल, निदान हसेल.

तिकडून आवाज आला, सपाट, वरवंटा फिरवल्यासारखा. "धन्यवाद, वृषाली. मी समजू शकतो."

ती तशीच माझ्याकडे आली. मी शेजारी, तिच्या सासऱ्यांचा भजनातला सोबती. पायरीवर बसून म्हणाली, "नाना, तो घाबरून गोड बोलतो ते मला कळायचं. आत कुठेतरी हसू दाबलेलं असायचं. आज आत कुणी नव्हतं हो."

दुसऱ्या दिवशी गाडी पकडून ती बेलापूरला कंपनीच्या कचेरीत गेली. तन्मय शेवडे समोर आला. तिशीचा, सालस, डोळ्यांखाली काळं. त्याने भालचंद्राचा पडदा उघडून दाखवला. सगळा हिरवागार, लावणीनंतरच्या शेतासारखा.

"बघा मॅडम, इतका स्थिर आवाज आमच्याकडे फार थोड्यांचा आहे."

"स्थिर नाही तो. मेलाय."

"म्हणजे?"

"आई गेल्यावर माणूस पहिल्या दिवशी रडतो. तेराव्याला नुसता बसून असतो, कुणी काही विचारलं की 'हो' म्हणतो. तुमचं यंत्र तेराव्याच्या माणसाला शांत म्हणतंय."

तन्मयने पडदा मिटला. मग खरं ते बोलला. थकवा येतो तेव्हा आवाज आधी कापतो, ते यंत्राला कळतं. पण थकवा त्याच्याही पलीकडे गेला की कापायलाही जोर उरत नाही, आवाज सपाट होतो. यंत्राला शिकवलं होतं किनाऱ्यावर पोटभर जेवून झोपलेल्या माणसांच्या आवाजावर. सपाट म्हणजे स्वस्थ, एवढंच त्याला ठाऊक. सुन्न आणि शांत यांतला फरक त्याला कुणी शिकवलाच नव्हता.

"मग सांगा ना वर!"

"सांगितलंय. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले."

"लाल झाला तर उतरवतात ना? मग लाल कसा होतो?"

"मॅडम, नाव कायमचं जाईल त्यांचं."

"माणूस राहील."

त्याने दाराकडे बघितलं. "खरा आक्रोश हवा. खोटं रडणं, खोटा राग यंत्र ओळखतं, तेवढं ते हुशार आहे. म्हणजे त्यांना आधी सांगून उपयोग नाही. आणि मी हे बोललेलो नाही."

आता इथे मला गाऱ्हाण्याचं सांगायला हवं. तुम्हाला ठाऊक आहे, पण बाहेरगावची मंडळीही बसली आहेत. शिमग्याला देवासमोर गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाला हाक मारून गावाचं दुखणं सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्या वाडीत हा मान जुवाटकरांचा. आणि तो आपला आहे, असं परबांचं म्हणणं. ह्या एका मानापायी दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाणी बंद, कोर्ट झालं, डोकी फुटली, लग्नं मोडली. भालचंद्र समुद्रावर असला तर त्याचा चुलतभाऊ उभा राहायचा, पण "भालचंद्राच्या नावाने" असं आधी म्हणून. जमीन गेली असती तरी चालली असती ह्या माणसाला. मान नाही.

वृषाली बेलापूरहून आली ती घरात बॅग टाकून थेट गुणाजी परबाच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात. मला साक्षीला नेलं. जुवाटकरांची सून आपल्या खळ्यात बघून म्हातारा सुपारी कातरायचा थांबला.

"काका, गाराण्याचो मान तुमका दितंय," ती म्हणाली.

"चेष्टा करूक इलंस?"

"नाय. कायमचो. पण घेतलात तर खराच घ्या. नाटक नको. भालचंद्र माका वळखता, खोटा बोललंय तर त्येका लगेच कळतला."

तिने सगळं सांगितलं. गुणाजी बराच वेळ अडकित्ता उघडत आणि मिटत राहिला. मग म्हणाला, "तुझी सासू काय म्हणता?"

आय दारात येऊन उभीच होती. कधी आली, कुणाला कळलंही नाही. "माका माझो झील भालचंद्र होयो," ती म्हणाली. "गाराणां कोणय घालील."

देवळात गुरवासमोर, हातावर पाणी सोडून मान दिला. गुणाजीने घेतला. जन्मभर ज्याच्यासाठी भांडला ते हातात आलं, आणि चेहरा असा की कुणी त्याच्या ओंजळीत निखारा ठेवलाय.

रविवारी दुपारी जुवाटकरांच्या खळ्यात अख्खी वाडी जमली. फोन मध्ये पाटावर ठेवला. आधी ठरल्याप्रमाणे एकेकाने शिव्या घातल्या. कदाचित तेवढ्यानेही भागेल, मान सांगायची वेळच येणार नाही, अशी वेडी आशा. चुलतभावाने घातल्या, वर्गमित्राने घातल्या, मासे विकणाऱ्या बायांनी तर अशा घातल्या की माडावरचे कावळे उडाले. माझी पाळी आली. साठ वर्षं ह्या जिभेने नामस्मरण केलेलं. डोळे मिटून देवाला म्हटलं, तूच बोलतोयस असं समज. आणि घातली एक.

तिकडून: "धन्यवाद. सर्वांचे आभार. मी समजू शकतो."

मासेवाली यशोदा तोंडाला पदर लावून रडायला लागली.

वृषाली फोनशी वाकली. "आयक. ह्या शिमग्याक गाराणां परब घालतलो. मी मान दिलंय त्येंका. कायमचो."

तिकडून, "असं बोलू नये, वृषाली."

"पाणी सोडून दिलंय. गुरव होतो, नाना होते."

"खोटा."

एकच शब्द. पण त्या शब्दाला कडा होत्या. 

गुणाजी पुढे आला. "खरा आसा रे भालचंद्रा. मी घेतलंय."

आणि दर्या फुटला. अशी डरकाळी आली की फोन पाटावर थरथरला. "कोण? परब गाराणां घालतलो? देवाक हाक तरी मारूक येता त्येका? माझ्या बापाशीचा, आज्याचा गाराणां! आयका रे, गाराणां कसा घालतत ता! बा देवा म्हाराजा!"

सवयीने, न ठरवता, सगळ्या खळ्याच्या तोंडून उमटलं, "व्हय म्हाराजा!"

"हय पंप गळता, सांगान सांगान माझो घसो सुकलो, कोण आयकणा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आकडो मर्यादेत आसा म्हणतत! त्येंच्या आकड्याक फटकी येवो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माका वास येणा नाय. झोप येणा नाय. रडाक पण येणा नाय. माझ्या वांगडचो रेनाटो अंथरुणार पडलो हा, खोकल्यात रगत येता, आणि इचारलंय तर म्हणता, मी बरो आसंय सर." आता तो हमसून रडत होता, त्याला बोलता येत नव्हतं. "त्येका घराक धाड रे, म्हाराजा. माका रवांदे. त्येका धाड."

कुणाच्याने 'व्हय' म्हणवेना. फक्त गुणाजी परबाने दोन्ही हात जोडले आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."

फोन तुटला. आवाज लाल झाला होता.

यंत्राने नियमाप्रमाणे बोट वळवली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं जवळचं बंदर गाठलं. वाडीत आम्ही नारळ फोडले, पेढे वाटले. वाटलं, सुटला.

पण नियम ऐका. लाल फक्त भालचंद्र होता. त्याला उतरायची परवानगी. रेनाटोचा आवाज हिरवा. हिरवा माणूस बदली आल्याशिवाय बोट सोडू शकत नाही. भालचंद्र शिडीत आडवा बसला, ह्याला घेतल्याशिवाय उतरणार नाही म्हणाला. बंदराचा डॉक्टर वायू गळणाऱ्या बोटीवर चढायला तयार नाही. त्याने धक्क्यावरूनच वायरलेसवर रेनाटोला विचारलं, कसं वाटतंय? रेनाटोने उशीवरून मान उचलली आणि नेहमीच्या मऊ आवाजात सांगितलं, "बरा आहे, सर. धन्यवाद. तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

यंत्राने तेही ऐकलं. हिरवा.

शेवटी भालचंद्राने परवानगीची वाट बघणं सोडलं, रेनाटोला खांद्यावर घेतलं आणि शिडी उतरला. शिपायांनी अडवलं, त्यांच्याशी झोंबाझोंबी झाली. त्यात जो वेळ गेला तो गेला. रेनाटोची फुप्फुसं आतून भाजलेली. दवाखान्याच्या दारातच त्याचा खोकला थांबला, आणि श्वासही.

भालचंद्र घरी आला. त्याचा घसा कायमचा घोगरा झाला आहे, आणि कुठल्याही बोटीवर त्याला आता घेत नाहीत. शिमग्याला गुणाजी परबाने गाऱ्हाणं घातलं. वाटेत अडखळला, तेव्हा गर्दीतून भालचंद्रानेच पुढचे शब्द पुरवले, आणि मग इतरांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणत उभा राहिला. वृषाली त्याला सकाळपासून रात्रीपर्यंत शिव्या घालते. त्याने कधी चुकून "धन्यवाद" म्हटलं, की तिच्या हातातलं काम थांबतं.

अलीकडे तन्मय शेवड्यांचा फोन आला होता. मी तिथेच बसलो होतो. नवी आवृत्ती निघाली आहे म्हणे. आता शिव्या हिरव्यात धरतात. इतकंच नाही, आठवड्यात एकही शिवी न देणाऱ्याला पिवळा मिळतो. त्यामुळे भरती होणाऱ्या नव्या मुलांना शिव्यांचं प्रशिक्षण द्यायचंय. वृषालीमॅडम शिकवायला येतील का?

काय बोलायचं सांगा! कपाळावर हात मारावा, तर कपाळ एकच.

वृषालीने त्याला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "रेनाटोचं काय लिहिलंय तुमच्या यंत्रात?"

तिकडून कळफलकाची टकटक ऐकू आली. मग तो पोरगा म्हणाला, "त्यांचा आवाज शेवटपर्यंत हिरवा होता, मॅडम. यंत्राच्या लेखी ते बरे आहेत."

मंडळी, आता उठाल, घरोघर जाल, देवापुढे हात जोडाल. एकच मागणं आहे. त्या लांबच्या बेटावरच्या रेनाटोचं नाव घ्या. यंत्राच्या लेखी तो बरा आहे. तो बरा नव्हता, हे तुम्ही तरी लक्षात ठेवा.